मदत हवी आहे: वाड्याचे सागवानी खांब फ्लॅटमध्ये बसवायचे आहेत

ब्रम्हपुरीवाला: गावचा वाडा पाडून राहिलो. दोन खांब आणि वर गणपती कोरलेली, गणेशपट्टीची चौकट निघाली. नागपूरचा फ्लॅट पांढरा-राखाडी, एकदम मॉडर्न. बायको म्हणते, हॉलमध्ये झाडीपट्टीच्या नाटकाचा सेट लागेल. कसं जमवू? वाढई (सुतार) रविवारी येते, लवकर सांगा.

टेपपट्टी: माप? माळा कितवा?

ब्रम्हपुरीवाला: चौथा. उंची नेहमीसारखीच.

टेपपट्टी: नेहमीसारखी म्हंजे काय बाप्पा? फॉल्स सीलिंग आहे का? असलं तर अर्धा फूट तिथंच गेला.

सपरीवरून: चौकट दारालाच पाहिजे असं नाही. आम्ही आमची भिंतीवर लावून आत आरसा बसवला. एका खोलीत एकच जुनी वस्तू ठेवा. सोफा साधा, पडदे सुती. नक्षीसमोर दुसरी नक्षी आली की वहिनी म्हणतात तसा सेटच होते.

फायद्याचं बोला: विकून टाका. व्हिनियरमध्ये, म्हंजे प्लायवर लाकडाचा पातळ थर चिकटवून, तसंच करून मिळते.

सपरीवरून: आजोबाच्या हाताचा घट्टा लागून गुळगुळीत झालेली कडी व्हिनियरमध्ये मिळते का?

आलापल्ली एक्सप्रेस: सागवान म्हटलं का आमचंच. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारशाहून लाकूड गेलं.

टेपपट्टी: भाऊ, इथं खांबाचं चालू आहे.

दिशा पाहा: चौकटीचं तोंड दक्षिणेला नको.

सपरीवरून: रंग आहे का लाकडावर? भुसा पडते का?

ब्रम्हपुरीवाला: हिरवा ऑइलपेंट आहे, पॉलिशपेपरनं घासून राहिलो. एका खांबाच्या बुडाशी मैद्यासारखं पीठ पडते. जुनं आहे म्हणून असेल.

सपरीवरून: हे पहिले सांगायचं ना! घासणं थांबवा. जुन्या ऑइलपेंटात शिसं असू शकते, कोरडी धूळ नाकात जाते. अन् पीठ म्हंजे आत कीड जिती असू शकते. सागाच्या गाभ्याला ती सहसा लागत नाही, कडेच्या पांढुरक्या लाकडाला लागते. सगळं झाडून खाली काळा कागद ठेवा. पुन्हा पीठ पडलं तर औषध मारल्याशिवाय फ्लॅटमध्ये नेऊ नका. नंतर रंग काढून जवसाच्या तेलाचा हात द्या, चकचकीत पॉलिश नको.

फायद्याचं बोला: म्हणूनच म्हणलं, विका.

ब्रम्हपुरीवाला: माप घेतलं. खांब सव्वानऊ फूट, चौकट साडेपाच.

टेपपट्टी: लिफ्टमध्ये सव्वानऊचा खांब जात नाही. जिन्यात वळते का?

ब्रम्हपुरीवाला: ते पाहिलंच नाही. वाढईले रविवारी येऊ नको म्हणून सांगितलं. काळा कागद ठेवला आहे.