दूरच्या ओपीसी सर्व्हरकडून कॉलबॅक येत नाहीत, मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार. यंत्रांवरील तापमान व दाब नोंदवण्यासाठी मी सी-शार्पमध्ये ओपीसी डीएचा (यंत्रांवरील मोजमापे संगणकातील प्रोग्रॅमना पुरवणाऱ्या विंडोजवरील जुन्या पद्धतीचा) क्लायंट लिहिला आहे. सर्व्हर आणि क्लायंट एकाच संगणकावर असताना तो निर्दोष चालतो. मात्र क्लायंट दुसऱ्या संगणकावर नेला, की जोडणी होते, टॅगची (म्हणजे मोजल्या जाणाऱ्या मूल्यांच्या नावांची) यादी मिळते, सिंक्रोनस वाचनाने (क्लायंटने मागून, उत्तर येईपर्यंत थांबून) आकडेही येतात, पण टॅगच्या ग्रुपला सबस्क्राइब केल्यावर बदललेली मूल्ये सर्व्हरने स्वतःहून कळवणारा कॉलबॅक एकदाही येत नाही.

कॉलबॅकच्या वेळी भूमिका उलटतात आणि सर्व्हरच क्लायंटच्या संगणकाकडे जोडणी मागतो, हे लक्षात घेऊन मी दोन्हीकडे एकाच नावाचे व पासवर्डचे खाते तयार केले आणि फायरवॉलमध्ये १३५ क्रमांकाचे पोर्ट उघडले. तरीही फरक पडला नाही. डीकॉम (ओपीसी डीए ज्यावर चालते ती, दोन संगणकांवरील प्रोग्रॅमना जोडणारी विंडोजची यंत्रणा) पुढचे संभाषण ऐन वेळी ठरणाऱ्या पोर्टवर नेते, हेच बहुधा कारण असावे. शिवाय सुरक्षेची पातळी ठरवणारे कॉमचे (डीकॉमचा पाया असलेल्या यंत्रणेचे) फंक्शन बोलावले, तर ती आधीच ठरली असल्याची त्रुटी येते. डॉटनेटमध्ये ते नेमके कुठून बोलवावे?

दर सेकंदाला वाचत राहण्याचा उपाय मला पटत नाही, कारण दोन वाचनांच्या मध्ये येऊन गेलेला अलार्म निसटतो. डीकॉमच्या पोर्टची व्याप्ती मर्यादित करून कोणी कॉलबॅक स्थिर चालवले आहेत का, की सर्व्हरशेजारी ओपीसी यूएचा (डीकॉमशिवाय चालणाऱ्या नव्या ओपीसी पद्धतीचा) गेटवे बसवून एकट्या ४८४० पोर्टवर काम भागवावे? माझा कल गेटवेकडे आहे; प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.