मदत हवी आहे : माजी सैनिक संघटनेत सभासद व्हायचंय, वीरनारींच्या पेन्शनच्या कामात हातभार लावायचाय

नवा_निवृत्त : जय हिंद. नुकताच नायक पदावरून निवृत्त झालोय. तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेत नाव घालायचंय. कागद कोणते लागतात? संघटना नुसती पावतीबुकापुरती नाही ना, हे कसं कळेल? आणि विधवा भगिनींच्या पेन्शनच्या कामात नेमकं काय शिकून घ्यावं?

जुना_लेखनिक : जय हिंद सर. आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करून माजी सैनिकाचं ओळखपत्र काढा, बहुतेक संघटना तेच मागतात. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार, पॅन आणि फोटो सोबत न्या. निघण्यापूर्वी डिस्चार्ज बुक आणि आधार शेजारी ठेवून नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख ताडून बघा. अर्ज अडतो तो बहुधा इथंच.

संघटना पारखायची तर नोंदणी क्रमांक, गेल्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट आणि धर्मादाय कार्यालयात दाखल केलेला शेवटचा बदल अहवाल मागा. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत हा अहवाल द्यावा लागतो. तो राहिला की कागदोपत्री जुनीच मंडळी पदावर, मग बँकेतल्या सह्या अडकतात आणि मदतीचा पैसा खात्यातच पडून राहतो. कागद दाखवायला कां-कू करणाऱ्यांची वर्गणी भरू नका. ७ डिसेंबरच्या ध्वजदिन निधीच्या नावाखाली कोणी स्वतःच्या पावत्या फाडत असेल तर लांबच राहा. तो निधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे जमा व्हायला हवा.

स्पर्शवाला : कामाचं म्हणाल तर पहिला नंबर हयातीच्या दाखल्याचा. जीवन प्रमाण या सरकारी ऑनलाइन सेवेवर दाखला भरताना ठरलेल्या चुका होतात :

विधवा भगिनींसाठी पेन्शन 'फॅमिली' निवडायची असते, घाईत 'सर्व्हिस' निवडली जाते. पीपीओ क्रमांक स्पर्शचा, म्हणजे संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीचा, १२ अंकी हवा, लोक जुना टाकतात. पेन्शन देणारी संस्था म्हणून बँक निवडतात. तिथं यादीतलं 'स्पर्श – पीसीडीए (पेन्शन्स)' हवं. शेवटी पुनर्विवाहाचा प्रश्न येतो, त्यावर चुकून 'होय' दाबलं गेलं तर आजीबाईंची पेन्शनच धोक्यात. तो स्क्रीन वाचून दाखवल्याशिवाय पुढं जाऊ नका.

म्हातारपणी बोटांचे ठसे झिजतात, मशीन घेत नाही. तेव्हा चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय वापरा : आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण, दोन्ही अ‍ॅप फोनमध्ये लागतात. उजेड समोरून हवा, चष्मा काढलेला बरा. प्रमाण आयडी (दाखल्याचा क्रमांक) आला म्हणजे काम झालं असं समजू नका. दाखला स्वीकारला की नाकारला, ते काही दिवसांनी परत बघावं लागतं. आणि मुदत सगळ्यांची नोव्हेंबरातच असते असंही नाही, स्पर्शच्या खात्यात ज्याची त्याची तारीख दिसते.

जुना_लेखनिक : एक भर. आपल्याकडे लग्नात बायकोचं नाव बदलायची रीत. डिस्चार्ज बुकात माहेरचं नाव, आधारवर सासरचं. नवरा हयात असतानाच रेकॉर्ड ऑफिसला (जिथं सैनिकाच्या सेवेच्या नोंदी असतात) अर्ज करून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीतल्या बदलाचा आदेश, काढून घ्यावी. नंतर त्या बाईला प्रतिज्ञापत्रं घेऊन एकटीनं खेटे घालावे लागतात. सभासदांची यादी घेऊन हे एकदा तपासलंत तरी मोठं काम होईल.

नवा_निवृत्त : आभारी आहे. ज्यांना पेन्शनच नाही त्यांचं काय?

स्पर्शवाला : हवालदार किंवा त्याखालच्या पदाचे, पेन्शन नसलेले, ६५ वर्षांवरचे माजी सैनिक आणि विधवा यांच्यासाठी केंद्रीय सैनिक बोर्डाचं निर्धनता अनुदान आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना महिना ८,००० रुपये, आधी ४,००० होते. अर्ज ऑनलाइन भरायचा, छाननी जिल्हा कार्यालयात. मुलीच्या लग्नासाठीही १ लाख मिळतात, फक्त लग्नानंतर १८० दिवसांच्या आत अर्ज हवा. पत्रिका छापली की लगेच त्या घरी जाऊन सांगा.

नवा_निवृत्त : सगळ्यांचे स्पर्श पासवर्ड संघटनेच्या वहीत ठेवले तर चालेल?

जुना_लेखनिक : मुळीच नको. पासवर्ड त्यांच्याकडे, ओटीपी त्यांच्याच फोनवर. आधारला नातवाचा जुना नंबर जोडलेला असेल तर आधी तो आधार केंद्रात बदलून घ्या, मग पुढचं काम.