मदत हवी आहे: स्वर्गारोहण आज आपल्यासाठी काय?

प्रभूमध्ये सर्वांना सलाम. तरुणांच्या बायबल अभ्यासात येशूच्या स्वर्गारोहणावर, म्हणजे पुनरुत्थानानंतर तो स्वर्गात घेतला गेला त्यावर, बोलायचं आहे आणि मी एकाच ठिकाणी अडकले आहे. लूक 24:52 मध्ये शिष्य मोठ्या आनंदाने यरुशलेमेस परतले. जिवलग डोळ्यांआड झाल्यावर आनंद? योहान 16:7 मधलं कैवाऱ्याला, म्हणजे पवित्र आत्म्याला, पाठवण्याचं येशूचं वचन आठवतं, पण पवित्र आत्मा तर 10 दिवसांनी, पेन्टेकॉस्टच्या सणाला, शिष्यांवर उतरला. मग त्या दिवशीचा आनंद कशाचा होता?

इब्री 7:25 मला फार धीर देतं: येशू आपल्यासाठी देवाजवळ मध्यस्थी करायला सदैव जिवंत आहे. तरी प्रार्थनेचं उत्तर मिळत नाही, तेव्हा तो दूर गेल्यासारखाच वाटतो. अशा वेळी हे सत्य तुम्ही कसं धरून ठेवता? अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.