गोधडी शिवताय का कुणी? अनुभव लिहा

पाऊस सुरू व्हायच्या आत गोधड्या शिवून, धुवून, वाळवून ठेवायची पद्धत आमच्या सातारा भागात अजून बऱ्याच घरात आहे. तुमच्याकडं कशी शिवतात, आत काय घालतात, कुणी शिकवली, सगळं लिहा. बारीकसारीक असलं तरी चालेल, उलट तेच हवंय.

सुरुवात मी करते. आमच्याकडं खाली जुनी नऊवारी घडी घालून अंथरतात, सुरकुती काढून चारी कोपऱ्यांवर दगड नाहीतर पितळी डबे ठेवायचे, मग आत धोतराचे तुकडे, विरलेले परकर, फाटक्या चादरीचा मधला भाग सोडून कडेचा भाग (मधलाच भाग आधी विरतो म्हणून), हे सगळं एकावर एक न चढवता शेजारी शेजारी लावत जायचं, म्हणजे उंचवटे होत नाहीत. वरून दुसरं लुगडं. कच्चे टाके घालून घ्यायचे आणि मग धावदोरा कडेनं सुरू करून चौकोनी फेरे घेत आत आत जायचं. माझं स्पष्ट मत आहे की आतला कपडा सुती आणि वापरलेलाच पाहिजे. नव्या कापडाला तो मऊपणा येतच नाही, वर्षानुवर्षं धुतलेल्या सुताचीच ती मजा.

---

आमच्या मिरजेकडं वाकळ म्हणतात. सासूबाई आणि त्यांच्या जाऊबाई दोघी समोरासमोर बसायच्या, एक या कडेनं एक त्या कडेनं. दोघींचे टाके मात्र वेगळे ओळखू यायचे, सासूबाईंचे बारीक आणि काकींचे लांब लांब. मला आत्तापण घरातल्या वाकळेवर हात फिरवला की कुठली बाजू कुणाची ते सांगता येतं. दोघीही आता नाहीत. वाकळा आहेत, रोज वापरते, जपून कपाटात नाही ठेवल्या, कारण सासूबाईंनाच ते आवडलं नसतं, वाकळ अंगावर घ्यायला असते म्हणायच्या.

दोऱ्याचं एक सांगते. मशीनचा साधा दोरा एकपदरी घेऊ नका, तुटतो. जाड सुती दोरा घ्या नाहीतर दुहेरी करून मेणावरून ओढा, गुंता कमी होतो. आणि थर जाड असतील तर सुई लांब घ्या, दाभणानं मोठी भोकं पडतात आणि जुनं कापड तिथूनच फाटत जातं.

---

मी पुण्यात फ्लॅटमधे राहते, जमिनीवर अंथरायला जागा नाही आणि गुडघे पण साथ देत नाहीत, तर मी मशीनवर शिवते. ओळखीच्या टेलरकडून ब्लाउजपीसच्या आणि कुर्त्यांच्या कतरणी आणते, तो पिशवी भरून ठेवतो माझ्यासाठी. आधी सगळ्या कतरणी गरम पाण्यात मीठ टाकून भिजवायच्या, ज्याचा रंग जातो तो बाजूला. हे न करता शिवलं तर पहिल्या धुण्यात लाल रंग पांढऱ्यात उतरतो आणि सुती तुकडे आटून बाजूच्या कापडाला चुण्या पडतात. मग इस्त्री, मग सारख्या मापाचे चौकोन, आधी पट्ट्या जोडायच्या आणि मग पट्टीला पट्टी. शेवटी चहूबाजूंनी गोट.

वरच्या ताईंना एक विचारायचंय, वापरलेलंच कापड पाहिजे हे पटतं, पण आजकाल घरात जुनं सुती निघतं कुठं? सगळं पॉलिस्टर मिक्स. त्या साड्या आत घातल्या तर सरकतात, उन्हाळ्यात घाम येतो. म्हणून मी कतरणींकडं वळले. नव्या कापडाची गोधडीसुद्धा दोनतीन वर्षं वापरली की छान मऊ होते, असं नाही की होतच नाही.

---

बरोबर आहे तुमचं, पॉलिस्टरचा प्रश्न आहेच. आमच्याकडं त्यावर उपाय म्हणजे ते फक्त खालच्या अंगाला लावतात, जमिनीला टेकणाऱ्या बाजूला. ओल लवकर धरत नाही. अंगाला लागणारी बाजू सुतीच.

---

मी कर्नाटकातल्या हल्याळचा, घरी मराठीच बोलतो. आमच्या भागात सिद्दी समाजाच्या बायका गोधड्या शिवतात, कवंड म्हणतात त्याला. आफ्रिकेतून आलेल्या लोकांचा हा समाज, पोर्तुगीज काळात गोव्यातून निसटून बरेचजण इकडच्या जंगलात येऊन राहिले. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात त्यांची वस्ती आहे. आमच्या घरी शेतावर कामाला येणाऱ्या एका मावशींनी आईच्या जुन्या साड्यांची एक कवंड शिवून दिली होती तेव्हा मी शेजारी बसून बघितलंय. आधी तुकडे जोडून वरचा पदर तयार करत नाहीत. खाली साडी पसरायची आणि एका कोपऱ्यापासून तुकडा ठेवत, कड आत दुमडत, टाके घालत सरळ पुढं जायचं, कडेकडेनं फिरत मधे यायचं. म्हणजे जोडणं आणि शिवणं एकाच वेळी. माप नाही, कागदावर काही काढलेलं नाही, हाताला येईल तो तुकडा उचलतात असं वाटतं, पण नाही, त्या बराच वेळ बघून उचलतात. आणि शेवटी चारी कोपऱ्यांना कापडाची घडी घालून केलेली फुलं लावायची, त्याशिवाय कवंड पूर्ण झाली असं मानतच नाहीत. मला ती कला म्हणून कुठल्याही चित्राच्या बरोबरीची वाटते.

---

वरचं वाचून लिहावंसं वाटलं. मी अमेरिकेत अटलांटाला असते. शेजारच्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं कृष्णवर्णीय लोकांचं गाव आहे, नदीच्या वळणात, तिथल्या बायका कित्येक पिढ्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवतात. 2002 साली ह्यूस्टनच्या म्युझियममधे त्यांचं मोठं प्रदर्शन झालं आणि मग सगळीकडं नाव झालं. त्यात मिसूरी पेटवे यांची 1942 ची एक गोधडी आहे, नवरा गेल्यावर त्याच्या शेतात घालायच्या कपड्यांची शिवलेली. विरलेल्या पँटचे निळे-करडे पट्टे, बास. मी पहिल्यांदा फोटो बघितला आणि मला आमची आजी आठवली, तिनं आजोबांची धोतरं कुणाला दिली नाहीत, सगळी गोधडीत घातली. हजारो मैलांवरच्या दोन बाया, एकमेकींची भाषा माहीत नाही, आणि दुःखात दोघींच्या हातांनी एकच काम केलं.

इथं मी आता मुलांच्या जुन्या टीशर्टची शिवते. टीशर्टचं कापड ताणतं म्हणून मागून पातळ सुती अस्तर लावून घ्यावं लागतं.

---

नाशिक. आमच्याकडं बाळाचं दुपटं आजोबांच्या धोतराचं करायची रीत आहे, दोन-तीन पदर फक्त, टाके जवळ जवळ, गाठ आतल्या बाजूला गेली पाहिजे म्हणजे अंगाला टोचत नाही. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की तान्ह्या बाळाला झोपताना वरून मोकळं पांघरूण नको, त्यामुळं आम्ही दुपटं खाली अंथरायला आणि मांडीवर घ्यायलाच वापरलं. तेही पुरतं.

---

अमरावती जिल्ह्यातून. आमच्याकडे ठिगळाचा विषय निघाला की गाडगेबाबा आठवतातच, अंगात चिंध्यांचं वस्त्र असायचं म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. माझ्या आईला त्याचा फार आदर, ठिगळ लावलेलं घालायला लाजायचं नाही असं ती आम्हाला बजावायची.

प्रश्न असा की धुता कशी? जाड गोधडी भिजली की उचलवत नाही, मशीनमधे टाकायची भीती वाटते.

---

जाड असेल तर मशीनमधे नकोच, भिजल्यावर वजन वाढतं, ड्रम हेलकावे खातो आणि जुने टाके तुटतात. आम्ही गच्चीवर पसरून पाणी सोडतो, साबणाचं पाणी ओतून पायानं तुडवायची, पिळायची नाही, गुंडाळी करून दाबत पाणी काढायचं. दोरीवर टाकू नका, ओल्या वजनानं आतले तुकडे खाली ओघळतात आणि एका बाजूला गोळा होतो. कठड्यावर किंवा खाटेवर आडवी पसरा आणि दुपारी उलटा. कडक ऊन असलेल्या दिवशीच काढा, आत ओल राहिली की वास येतो तो जात नाही. आणि धुवायच्या आधी सगळीकडून बघून सुटलेले टाके घालून घ्या, नंतर भोक मोठं होतं.