तीन मंडळ्या, एक हॉल आणि वस्तीतली मुलं: एकत्र अभ्यासवर्ग कोणी टिकवून दाखवलाय का?

खडूफळा (प्रश्न)

सलाम सगळ्यांना.

मी पुण्याची. एकतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत शिकवलं, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आता महिला मंडळाची सेक्रेटरी आहे. आमची मराठी मेथडिस्ट मंडळी (प्रोटेस्टंट ख्रिस्ती चर्च), आणि पायी पंधरा मिनिटांच्या आत आणखी दोन मेथडिस्ट मंडळ्या, एक इंग्रजी उपासनेची, एक हिंदी. तिघांचे डी.एस. (डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडंट, पाळकांचे वरिष्ठ) एकच. नाताळात कॅरल म्हणत एकत्र फिरतो, लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) एखादी संयुक्त उपासना होते, बाकी वर्षभर ज्याचं त्याला.

आमच्या हॉलला आठवड्यातले सहा दिवस कुलूप असतं. कंपाउंडच्या भिंतीला लागून वस्ती आहे, दहा बाय दहाच्या खोल्या. संध्याकाळी सहा ते आठ या वेळात त्या खोलीत स्टोव्ह पेटलेला, टीव्ही चालू, धाकटं भावंड रडतंय. पोरानं दप्तर उघडायचं कुठे? गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या गेटच्या दिव्याखाली पायरीवर एक मुलगी वही लिहीत बसलेली पाहिली. छपरावरून पागोळ्यांचे थेंब पानावर पडत होते, ती ओढणीच्या टोकाने टिपायची आणि पुढची ओळ लिहायची. शाई फुटून 'पर्यावरण' मधला 'व' पार निळा डाग झाला होता. तिने तो शब्द खोडला नाही, बाजूला पुन्हा लिहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाळकसाहेबांकडे हॉलची किल्ली मागायला गेले.

तिन्ही मंडळ्यांनी मिळून वर्ग सुरू केला. चौतीस मुलं आली. ठरलं असं की आठवडे वाटून घ्यायचे: पहिला आठवडा आमचा, दुसरा इंग्रजीवाल्यांचा, तिसरा हिंदीवाल्यांचा. कोणावर भार नको, हा विचार. दिवाळीच्या सुट्टीआधी मुलं उरली सहा.

मला वाटतं चूक तिथेच झाली, आणि ती मला एका मुलाने दाखवली. आठवीतला, गणितात मुळीच कच्चा नव्हता. सप्टेंबरात त्याने वही पुढे केली. एकाच पानावर ८६४ भागिले १२ तीन तऱ्हांनी. एक आपल्या मराठी शाळेतल्यासारखं, भाजक डावीकडे, उत्तर उजवीकडे. दुसरीत उत्तर वर, छपरावर ठेवल्यासारखं. तिसरीत कोणीतरी बाराचे तुकडे करून आधी तीनने, मग चारने भागलेलं. उत्तर तिन्हीकडे ७२. मला विचारतो, "बाई, बरोबर कुठलं?" प्रत्येक नव्या माणसाने त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावलं होतं. दसऱ्यानंतर तो आलाच नाही, आणि मी त्याच्या घरी गेले नाही. ते मला अजून बोचतं.

येत्या जूनला पुन्हा सुरू करायचंय. विचारायचं एवढंच: शिकवणाऱ्यांची वाटणी कशी करावी, वर्गात प्रार्थना घ्यावी की नाही (याच्यावरून आमच्यात वाद आहे), आणि पैसे. माझा पुतण्या न्यू जर्सीत आहे, तो म्हणतो बाक आणि पंख्यांचे पैसे मी पाठवतो. घेऊ का?

---

भायखळ्याचा लोकल प्रीचर

सलाम बाई. वाटणी आठवड्यांची नको, मुलांची करा. याचं उत्तर आपल्याच घरात आहे, फक्त आपण ते विसरलोय.

१७४२ साली इंग्लंडात ब्रिस्टलमध्ये मेथडिझमचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या लोकांवर प्रार्थनागृहाच्या बांधकामाचं कर्ज होतं. फॉय नावाच्या एका कप्तानाने सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणी तरी म्हणालं, गरिबांना तेवढंही जमणार नाही. तर तो म्हणाला, सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्या नावावर लिहा, त्यांना जमलं नाही तर मी भरेन. मग बाकीच्यांनीही तसेच दहा-बारा जण वाटून घेतले. आणि पेनी गोळा करायला दर आठवड्याला त्याच घरांत जायला लागल्यावर कळायला लागलं की कोण आजारी आहे, कोणाच्या घरी काय बिनसलंय. कर्जफेडीतून क्लास मीटिंग, म्हणजे दर आठवड्याला भेटणारा लहान गट, जन्मली आणि तिच्यावर सगळा मेथडिझम उभा राहिला. अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी विल्यम टेलर १८७१ मध्ये मुंबईत आले तेव्हा त्यांनीही लोकांना घराघरांतल्या लहान गटांत बांधलं, चर्चची इमारत नंतर.

आमच्याकडे चार वर्षं अभ्यासिका चालू आहे. एका माणसाकडे पाच मुलं, वर्षभर तीच. नावं वहीत. मूल दोन दिवस दिसलं नाही की तिसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर त्याच्या घरी जायचं, फोन नाही करायचा. मला आठवड्याला दोनच संध्याकाळी जमतात, म्हणून माझी पाच मुलं दोनच दिवस येतात. आठवडाभर कोणाच्या तरी पुढ्यात बसण्यापेक्षा दोन दिवस एकाच माणसापुढे बसलेलं त्यांना मानवतं.

---

पाळक, पूर्व विदर्भ

ताई, प्रार्थनेबद्दल लिहितो, कारण आम्ही त्यात पोळलो आहोत.

आमच्याकडे वर्ग सुरू होऊन महिना झाला आणि दोन बाप गेटवर आले. भांडायला नाही, विचारायला. "फादर, पोरांचं नाव-बिव बदलणार नाही ना?" (आम्हाला सगळे फादरच म्हणतात.) मी म्हटलं, आत या, बसा, बघा. ते तासभर मागच्या बाकावर बसले. त्यातला एक गवंडी होता, जाताना म्हणाला की खिडकीची चौकट सडली आहे, रविवारी येऊन बदलून देतो. दिली.

त्या दिवसापासून तीन गोष्टी पाळतो. वर्गाची दारं-खिडक्या उघड्या. कोणीही पालक न सांगता येऊन बसू शकतो. आणि अभ्यासाच्या वेळेत फक्त अभ्यास, संडे स्कूल रविवारी, ज्यांच्या घरून पाठवतात त्यांच्यासाठी. हे आम्ही भीतीपोटी करत नाही. दुसऱ्याचं लेकरू आपल्या भरवशावर सोडलंय, तर त्या बापाला जे माहीत नाही ते त्याच्या पाठीमागे करायचं नाही, एवढंच.

आणखी एक, कोणी विचारलं नसलं तरी: वर्गात कायम दोन मोठी माणसं हवीत, त्यातली एक बाई. एकट्या माणसाने एकट्या मुलाला घेऊन बसायचं नाही, मग तो पाळक का असेना. आमच्याकडे हा नियम मलाही लागू आहे.

---

रविवारची घंटा

माझं मत वेगळं आहे आणि ते राग न मानता ऐकावं. मी बावीस वर्षं संडे स्कूल घेते. प्रार्थना काढून टाकली तर आपला वर्ग आणि नाक्यावरचे क्लासेस यात फरक काय राहिला? हॅना बॉल या मेथडिस्ट बाईने इंग्लंडात हाय विकममध्ये १७६९ साली संडे स्कूल सुरू केली, ज्याला संडे स्कूलचा जनक म्हणतात त्या रॉबर्ट रेक्सच्या अकरा वर्षं आधी. गरिबांची मुलं तिथे वाचायला शिकली, आणि पुस्तक होतं बायबल. तिने दोन्ही वेगळं केलं नाही. आपणच का लाजायचं?

---

खडूफळा

घंटाताई, राग कसला. तुमचं म्हणणं मला दोन दिवस सोडत नव्हतं.

पण हॅना बॉलच्या गावातली मुलं ख्रिस्ती घरांतली होती. माझ्या चौतिसांतली एकोणतीस नव्हती. त्यांच्या आया माझ्याकडे गणितासाठी मुलं पाठवतात. मी आडून काही दिलं तर उद्या ती आई मला बाजारात बघून रस्ता बदलेल, आणि माझ्या तोंडून प्रभूचं नाव निघालं तर तिला ते फसवणुकीचं वाटेल. तो डाग मला त्याच्या नावावर नको आहे.

प्रार्थना आम्ही करणारच. साडेपाचला, मुलं यायच्या आधी, फक्त शिकवणारे, पाच-पाच मुलांची नावं घेऊन. ही गोष्ट मला पाळकदादांच्या आणि प्रीचर दादांच्या उत्तरांमधून एकत्र सुचली. तुम्ही आलात तर मला आनंद होईल, खरंच.

---

हिशेबनीस

बाई, पैशाचं सांगतो, मी आमच्या मंडळीचा खजिनदार आहे.

पुतण्याचा पासपोर्ट भारतीय आहे का, हे आधी विचारा. भारतीय नागरिक परदेशात राहून स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र धरतात, ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना मिळतं ते) असलं तरी. मग एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीपासून असे पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. वर्गाच्या नावाने कोणाच्या वैयक्तिक खात्यात घेऊ नका, भाऊ-पुतण्या असला तरी.

पण माझा सल्ला, पंख्यांचे पैसे तिन्ही मंडळ्यांच्या अर्पणाच्या थाळीतूनच काढा. टेलर साहेबांच्या मंडळ्या अमेरिकेच्या पैशावर उभ्या नव्हत्या, इथल्याच लोकांच्या अर्पणावर होत्या. ज्याने पंख्याला पाचशे रुपये दिले तो पंखा फिरतोय का बघायला येतो, आणि आला की एखादं पोर त्याला पाढा म्हणून दाखवतं.

तुम्ही आठवीतल्या मुलाचं लिहिलंत म्हणून हे जास्त महत्त्वाचं: एनएमएमएसचा (केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा) फॉर्म भरला का कोणाचा? आठवीतच परीक्षा देता येते. सातवीला ५५ टक्के, पालकांचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, शाळा सरकारी, महापालिकेची किंवा अनुदानित. पास होऊन यादीत आलं तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये. दोन पेपर, बुद्धिमत्ता आणि शालेय विषय, प्रत्येकी ९० प्रश्न. फॉर्म शाळेतूनच जातो. मुलं अडतात ती उत्पन्नाच्या दाखल्यावर, कारण आईला कामावरून रजा मिळत नाही. आमच्याकडे महिला मंडळाच्या दोघी जणी जुलैतच आयांना घेऊन सेतू केंद्रात जाऊन बसतात.

---

खडूफळा

दादा, तुमचं वाचलं आणि त्याच संध्याकाळी त्या मुलाच्या घरी गेले. सात महिने जायचं राहिलं होतं.

तो आता नववीत जाईल. एनएमएमएसचा फॉर्म त्याचा गेला नाही, शाळेत कळलं तेव्हा दाखला नव्हता. ते वर्ष आता परत येत नाही. मी आत गेले तर तो बाहेर निघून गेला, त्याच्या आईने चहा ठेवला. धाकटी बहीण जूनमध्ये आठवीत जाईल, सातवीच्या चाचणीत ६८ टक्के. दाखल्यासाठी सोमवारी आईबरोबर मी जातेय. जुलैची वाट बघत नाही.

तिन्ही मंडळ्यांची काल आमच्याच हॉलमध्ये बैठक झाली. नऊ जणांनी पाच-पाच मुलं घ्यायचं कबूल केलं. हिंदी मंडळीतला एक रेल्वेतला तंत्रज्ञ आहे, त्याच्या पाळ्या बदलत्या, म्हणून तो दोनच घेतोय आणि मला तेही पुष्कळ वाटलं. मे महिन्यातले चार शनिवार आम्ही आधी स्वतः शिकणार आहोत. पहिल्या शनिवारी फक्त भागाकार. इंग्रजीवाल्या ताई म्हणाल्या की त्यांना डावी-उजवी मांडणी कधी कोणी शिकवलीच नाही. ठरलं की पोराच्या शाळेच्या वहीत जी रीत असेल तीच आपली, आणि दुसरी दाखवायची ती त्याला पहिली पक्की आल्यावर.

निघताना गेटजवळ तो मुलगा सायकल धरून उभा होता. म्हणाला, "बाई, नववीचंपण असतंय का?" मी म्हटलं असतं. माझ्या पाचांत त्याचं नाव पहिलं लिहिलंय.

नववीचं बीजगणित शिकवू शकेल असं पुण्यात कोणी असेल तर इथेच कळवा, आठवड्यातून एक संध्याकाळ चालेल. पण वर्षभर तीच हवी.