वसतिगृहात ‘सर्वसमावेशकता प्रतिनिधी’ या पदासाठी उभी राहते आहे. मुलींपुढे भूमिका कशी मांडावी?

माणदेशी_कन्या (सातारा)

नमस्कार. मी साताऱ्यातील एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकते आणि महाविद्यालयाच्याच मुलींच्या वसतिगृहात राहते. आमच्या वसतिगृह समितीत आजवर प्रमुख प्रतिनिधी, मेस सेक्रेटरी आणि सांस्कृतिक प्रतिनिधी एवढीच पदे होती. या वर्षी रेक्टर मॅडमनी ‘सर्वसमावेशकता प्रतिनिधी’ असे एक नवे पद निर्माण केले आहे. जात, धर्म, भाषा, अपंगत्व किंवा घरची परिस्थिती यांमुळे कोणत्याही मुलीला वसतिगृहात परके वाटू नये, यासाठी समितीत तिची बाजू मांडणे हे या पदाचे काम असेल, असे त्यांनी सांगितले. मतदान पुढच्या महिन्यात आहे आणि त्याआधी प्रत्येक उमेदवाराला मेसच्या हॉलमध्ये पाच मिनिटे बोलायचे आहे.

मी माण तालुक्यातल्या मेंढपाळ कुटुंबातली आहे. पहिल्या वर्षी आले तेव्हा माझ्या बोलण्याची नक्कल होत असे, आणि सुट्टीत घरी का जात नाहीस, असे विचारले की काय सांगावे हे मला कळत नसे. कारण त्या दिवसांत आई-वडील मेंढरांबरोबर बाहेर असतात आणि घराला कुलूप असते. म्हणून हे पद मला मनापासून महत्त्वाचे वाटते. परंतु माझ्या मनात दोन शंका आहेत. आमच्या वसतिगृहात नंदुरबारकडच्या आदिवासी मुली आहेत, मुस्लिम मुली आहेत, एक मुलगी कुबड्या घेऊन चालते. त्यांचे अनुभव माझे नाहीत. मग त्यांच्या वतीने बोलण्याचा मला काय अधिकार? आणि दुसरे असे की, माझ्या काही मैत्रिणी म्हणतात, ‘आपल्या समाजाच्या मुलींची मते आधी एकत्र कर, बाकीचे नंतर पाहू.’ हे मला पटत नाही, पण निवडून यायचे तर दुसरा मार्ग कोणता, हेही सुचत नाही. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

कृष्णाकाठ (सांगली)

मी सांगलीत शिकत असताना वसतिगृहात मेस सेक्रेटरी होते, त्यामुळे मेसच्या बाजूनेच उत्तर देते. माझ्या मते तुमच्या पदाचा निम्म्याहून अधिक भाग तिथेच आहे.

एकादशीला किंवा महाशिवरात्रीला मेसमध्ये साबुदाण्याची खिचडी आणि भगर न मागता मिळते. त्यासाठी कोणी अर्ज करत नाही, कोणाला आपला उपवास समजावून सांगावा लागत नाही. रमजानमध्ये मात्र पहाटेच्या सहरीसाठी मुलींना आधी अर्ज लिहावा लागतो, मग वॉर्डनची सही, मग आचाऱ्याची मनधरणी, आणि एवढे करून बऱ्याचदा रात्रीच्या गार पोळ्या डब्यात भरून ठेवाव्या लागतात. यात कोणाचा द्वेष असतोच असे नाही. एकाची गरज व्यवस्थेत आधीच लिहिलेली असते आणि दुसऱ्याची नसते, एवढेच. आमच्याकडे जैन मुली पुष्कळ होत्या. चातुर्मासात त्यांना सूर्यास्तापूर्वी जेवायचे असे, आणि प्रॅक्टिकल संपवून त्या येईपर्यंत मेस उघडलेलीच नसे. या मुली आणि रोजा धरणाऱ्या मुली यांची अडचण खरे तर एकच होती, ती म्हणजे वेळेची. हे दोन्ही गटांना कळले तेव्हा त्यांनी मिळून एकच मागणी केली आणि आचाऱ्याच्या पाळीत थोडा बदल करून ती मान्यही झाली. वेगवेगळ्या मागण्या आल्या असत्या तर प्रत्येकीला ‘एकीसाठी नियम बदलता येत नाही’ हेच उत्तर मिळाले असते.

दुसरी बाब पैशांची. शिष्यवृत्तीची रक्कम महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून उशिरा जमा होते, पण मेसचे आगाऊ पैसे सत्राच्या सुरुवातीलाच भरावे लागतात. ज्यांनी भरले नाहीत त्यांची नावे फलकावर लावण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती यादी वाचणाऱ्या कोणालाही कोणती मुलगी शिष्यवृत्तीवर आहे आणि त्यावरून ती कोणत्या प्रवर्गातली असावी, हे ताडता येते. फलकावरची ही यादी बंद करून प्रत्येकीला स्वतंत्र चिठ्ठी द्यावी, एवढी मागणी जरी तुम्ही भाषणात मांडली तरी ज्यांना ती समजायची त्यांना लगेच समजेल. मांसाहाराच्या दिवशी वेगळी भांडी, वेगळे टेबल वगैरे विषयही तुमच्यापर्यंत येतील. तिथे माझे मत स्पष्ट आहे: अन्न वेगळे शिजवण्याची सोय जरूर असावी, पण माणसे वेगळी बसवण्याचा नियम वसतिगृहाने कधीही करू नये.

भाषणापूर्वीचे हे दिवस पोस्टर रंगवण्यात घालवू नका. खोल्याखोल्यांतून जा आणि ‘तुला काय वाटते?’ असे विचारण्याऐवजी ‘इथे तुला कोणत्या गोष्टीसाठी परवानगी मागावी लागते?’ असे विचारा. पहिल्या प्रश्नाला मुली ‘सगळे छान आहे’ म्हणतात.

निवृत्त_रेक्टर (सातारा)

कन्ये, तुझा प्रश्न वाचून समाधान वाटले, कारण तू ज्या गावात हा प्रश्न विचारते आहेस त्या गावाने त्याचे एक उत्तर शंभर वर्षांपूर्वी दिलेले आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे काढली, ती बहुतांशी त्या त्या समाजासाठी स्वतंत्र होती. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशी, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. ज्या समाजात शिक्षणाची चालच नव्हती त्याला आधी हक्काचे छप्पर हवे होते आणि त्या काळात ते पाऊल फार मोठे होते. कर्मवीर भाऊराव पाटील त्याच कोल्हापुरात जैन वसतिगृहात राहत होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर त्यांनी शुद्धीची आंघोळ करायला नकार दिला आणि त्यापायी त्यांना ते वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. पुढे १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात जे वसतिगृह सुरू केले त्यात सर्व जातिधर्मांची मुले एका छपराखाली राहिली, एकत्र जेवली आणि मिळून कामे करू लागली. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे साताऱ्यात लहान मुलालाही माहीत असते.

हे सांगण्याचे कारण इतिहासाचा अभिमान एवढेच नाही. त्या वसतिगृहात एकोपा भाषणांतून आला नाही, तो दळणकांडण, पाणी भरणे, स्वयंपाक आणि शेतकाम यांच्या वाटणीतून आला. कोणते काम कोणत्या जातीने करायचे, ही रूढी तिथे रोजच्या पाळीपत्रकातच मोडली जात होती. आज तुमच्या वसतिगृहात कॉरिडॉर झाडण्याच्या, पाण्याची टाकी पाहण्याच्या, भाजी निवडण्याच्या पाळ्या कशा लागतात ते पाहा. रेक्टर असताना मी पाहिले आहे की, पाळ्यांचा कागद एका हुशार मुलीकडे सोपवला की काही महिन्यांत न बोलणाऱ्या मुलींकडे नकोशी कामे आपोआप सरकतात. खोल्यांच्या वाटपाचेही तसेच आहे. ‘आपापल्या ओळखीच्या मुली निवडा’ असे सांगितले की तालुका, जात आणि भाषा यांप्रमाणे मजले तयार होतात. पहिल्या वर्षाच्या खोल्या चिठ्ठ्या टाकून द्याव्यात, अशी मागणी तू करू शकतेस.

मतांविषयी तुझे मन जे सांगते तेच बरोबर आहे. समाजाच्या नावाने मते मागून या पदावर आलेल्या मुलीकडे दुसऱ्या समाजाची मुलगी कधीही तक्रार घेऊन येणार नाही, म्हणजे निवडणूक जिंकतानाच पद हरवलेले असेल. प्रचार साधा ठेव. लिंगडोह समितीच्या २००६ मधील शिफारशी विद्यार्थी मंडळांच्या निवडणुकांसाठी आहेत. त्यांत छापील पोस्टरना मनाई आहे, केवळ हाताने तयार केलेल्या पोस्टरना परवानगी आहे आणि उमेदवाराच्या खर्चाला ५,००० रुपयांची मर्यादा आहे. वसतिगृहाच्या छोट्या निवडणुकीत तर एक पैसाही खर्च होऊ नये, आणि हे सर्व उमेदवारांनी मिळून आधीच ठरवले तर ज्या मुलीकडे पैसे नाहीत तिलाही उभे राहता येईल.

एक सूचना आग्रहाने करते. हे पद दिनविशेष साजरे करण्याचे पद होऊ देऊ नकोस. डॉ. आंबेडकरांनी ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत प्रवेश घेतला आणि तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. तो तुम्हीही अवश्य पाळावा. परंतु सांस्कृतिक प्रतिनिधी ते काम करू शकते. तुझे काम त्या दिवशी हॉलमध्ये कोण आले नाही, आणि का आले नाही, हे पाहण्याचे आहे.

तळमजला (कराड)

मी पोलिओमुळे कॅलिपर लावून चालतो आणि कराडला वसतिगृहात राहतो. ‘त्यांच्या वतीने बोलण्याचा मला काय अधिकार’ या तुमच्या शंकेवर मला लिहावेसे वाटले.

माझ्या वतीने कोणी बोलावे अशी माझी अपेक्षा नाही. समितीच्या बैठकीला मला बोलावले जावे, अशी आहे. आमच्याकडे रॅम्प बांधला गेला, पण त्याच्या तोंडाशीच दुचाक्या लागतात. मला तळमजल्यावरची खोली मिळाली, परंतु अभ्यासिका आणि टीव्हीचा हॉल दुसऱ्या मजल्यावर राहिले, त्यामुळे परीक्षेच्या दिवसांत सगळे मित्र वर आणि मी एकटा खाली. या दोन्ही गोष्टी मला विचारल्या असत्या तर मी पाच मिनिटांत सांगितल्या असत्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आहेत आणि शिक्षणसंस्थेची इमारत व सुविधा वापरता येण्याजोग्या असाव्यात, गरजेनुसार वाजवी सोय केली जावी, हे शासकीय व मान्यताप्राप्त संस्थांचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. त्या २१ प्रकारांपैकी पुष्कळसे डोळ्यांना दिसत नाहीत. ऐकू कमी येणारी मुलगी रात्री हजेरीला नाव पुकारल्यावर उत्तर देत नाही आणि उद्धट ठरते. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा त्रास असलेल्या मुलीला थंडीत गार पाण्याने आंघोळ करावी लागली तर तिचा त्रास वाढू शकतो. नंदुरबारकडच्या मुली तुमच्याकडे आहेत म्हणून हे मुद्दाम लिहिले, कारण त्या भागातील आदिवासी समाजात सिकलसेल बऱ्याच प्रमाणात आढळतो. मात्र कोणाला कोणता आजार आहे हे शोधत फिरू नका. गरम पाणी सर्वांसाठी ठेवले की कोणालाही कारण सांगावे लागत नाही.

आणि कृपा करून, त्या कुबड्या घेणाऱ्या मुलीचे उदाहरण तिला न विचारता भाषणात देऊ नका. हॉलमधल्या सगळ्यांच्या माना एकाच वेळी तिच्याकडे वळतील.

माणदेशी_कन्या (सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी मी काही खोल्यांत जाऊन ‘कशासाठी परवानगी मागावी लागते’ हाच प्रश्न विचारला. सर्वांत जास्त उत्तरे दिवाळीच्या सुट्टीविषयी आली. वसतिगृह बंद होते. पण काहींचे आई-वडील ऊसतोडीला गेलेले असतात, काहींना गावी जायला दीड दिवसाचा प्रवास आणि तेवढे पैसे लागतात. मला वाटत होते की कुलूप माझ्या एकटीच्याच घराला आहे. सुट्टीत एक मजला आणि साधे जेवण चालू ठेवावे, ही माझी पहिली मागणी असेल.

आणखी एक विचारते. निवडून आले आणि एखाद्या मुलीने येऊन सांगितले की, खोलीतली दुसरी मुलगी तिला जातीवरून बोलते, तर मी काय करावे? दोघींना समोरासमोर बसवून मिटवावे का? शिवाय बोलणारी मुलगी माझी मैत्रीण असू शकते.

निवृत्त_रेक्टर (सातारा)

समोरासमोर बसवू नकोस. ‘मिटवणे’ म्हणजे बहुतेक वेळा ज्या मुलीला त्रास झाला तिनेच ‘जाऊ दे’ म्हणणे असते. तिचे ऐकून घे, तिच्या शब्दांत तारखेसह लिहून काढ, तिला वाचून दाखव आणि पुढे काय व्हावे हे तिलाच विचार. जातीवरून होणाऱ्या भेदभावासाठी महाविद्यालयात समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असावा, असे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या विनियमांत सांगितले होते. रॅगिंगसाठी २००९ च्या विनियमांनुसार स्वतंत्र समिती असते आणि १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असते. चौकशी करणे, शिक्षा ठरवणे हे तुझे काम नाही. त्या दारापर्यंत तिच्यासोबत जाणे हे तुझे काम आहे. या समित्यांच्या सदस्यांची नावे आणि संपर्क आत्ताच कार्यालयातून मिळवून मेसच्या दाराशी लाव. त्यासाठी निवडून येण्याचीही गरज नाही.

तक्रार मैत्रिणीविरुद्ध असेल तर ती ऐकून घेण्यासाठी दुसरी कोणी असावी, म्हणून रेक्टर मॅडमना पहिल्याच बैठकीत एक पर्यायी प्रतिनिधी नेमायला सांग. आणि खोली बदलायची वेळ आली तर आधी तक्रार करणाऱ्या मुलीला विचारले जाईल हे पाहा. तिलाच गादी-पेटी उचलून दुसऱ्या मजल्यावर पाठवले तर पुढची मुलगी तुझ्याकडे येणार नाही. पाच मिनिटांतले एक मिनिट या नियमासाठी ठेव, आणि भाषणाआधी तो मॅडमकडून लेखी मंजूर करून घे.