गुप्तवार्ता विभागात जायचं, तर मेजर-मायनर कोणते घ्यावेत?

गंगापूररोडकर
भाची नाशिकमध्येच बी.ए. करतेय. नव्या शैक्षणिक धोरणामुळे मेजर-मायनर, म्हणजे मुख्य आणि जोडीचा विषय, ठरवायचेत. तिला आयबीत (देशांतर्गत गुप्तवार्ता विभाग) जायचंय, जमलं तर पुढे रॉमध्ये (परदेशातली गुप्त माहिती मिळवणारी संस्था). घरचे म्हणतात, संरक्षणशास्त्र घे, नावातच सगळं आलं. मला हे पटत नाही. मेजर राज्यशास्त्र आणि मायनर उर्दू, असं माझं ठाम मत आहे. सीमेपलीकडची वर्तमानपत्रं आणि भाषणं मुळातून वाचणारं माणूस तिथे हवंच. शिवाय उर्दूची लिपी हाताखाली आली की फारसी, पश्तूची वाट निम्मी सोपी होते. आपल्याच जिल्ह्यात मालेगावला उर्दू शाळा आहेत, शिकवणारे आहेत. त्यासाठी दिल्ली गाठायला नको.

देवळाली कॅम्प
ताई, आधी भरतीची जाहिरात वाचा. आयबीच्या एसीआयओ (सहायक केंद्रीय गुप्तवार्ता अधिकारी) पदाला कुठल्याही शाखेची पदवी चालते, वय १८ ते २७. पहिल्या पेपरला १०० प्रश्न: चालू घडामोडी, सामान्य अध्ययन, गणित, बुद्धिमत्ता, इंग्रजी. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. यात उर्दू कुठे आहे? आणि रॉ खुली परीक्षा घेऊन पदवीधर भरत नाही; तिथे मुख्यतः यूपीएससीतून आलेले अधिकारी जातात. २७ वर्षं उलटली आणि निवड झाली नाही, तर राज्यशास्त्र-उर्दूवर पोरगी करणार काय? कॉमर्स किंवा संख्याशास्त्र घेऊ दे, बँकेचा तरी रस्ता उघडा राहील.

गंगापूररोडकर
पेपर पास होण्यापुरतंच शिकायचं असेल तर तुमचं बरोबर. पण नोकरी लागल्यावर पुढची तीस वर्षं ती काय वाचणार, कशाचा अर्थ लावणार? कारगिलनंतर नेमलेल्या आढावा समितीने यंत्रणांमधला समन्वय आणि हाती आलेल्या माहितीचं मूल्यमापन यांवरच बोट ठेवलं होतं. ते काम त्या प्रदेशाचा इतिहास-राजकारण माहीत असलेल्या माणसाचं आहे.

संख्यावाला_सिडको
मूल्यमापन म्हणता, मग संख्याशास्त्र हवंच की! एखादी बातमी खरी असण्याची शक्यता किती, दोन स्रोत खरंच स्वतंत्र आहेत की एकाच माणसाकडून आलेत, हा विचार तिथे शिकवतात. भूगोलही विसरू नका, उपग्रहचित्रं वाचायला जीआयएस, म्हणजे संगणकावरचं नकाशांचं तंत्र, लागतं. आणि तांत्रिक बाजू आवडत असेल तर बी.ए.चा नाद सोडा. एसीआयओ टेक्निकलला इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटरचा गेट (इंजिनिअरिंगची राष्ट्रीय परीक्षा) स्कोअर मागतात.

देवळाली कॅम्प
संरक्षणशास्त्राला मात्र तुम्ही दोघांनी उगाच बाजूला काढलं. नकाशा, सीमावाद, शेजारी देशांची धोरणं हे सगळं त्यातच शिकवतात. पुण्यात विद्यापीठाचा विभाग आहे, एम.ए.ला तिथे जाता येतं. फक्त 'थेट रॉमध्ये भरती' म्हणून फी उकळणाऱ्या क्लासपासून पोरीला लांब ठेवा. हे कळकळीने सांगतोय.

गंगापूररोडकर
क्लासचं शंभर टक्के मान्य. राज्यशास्त्रासोबत संख्याशास्त्र मायनरला मिळतं का, ते कॉलेजात विचारते. मिळालं तर उर्दू बाहेरून शिकेल, पण सोडणार नाही.

संख्यावाला_सिडको
विचारा. आणि रोज एक पान इंग्रजीत लिहायला लावा. आयबीचा दुसरा पेपर वर्णनात्मक असतो. पाठांतरवाली मुलं तिथेच अडकतात.